नामाला की क्रियेला? : समीक्षेच्या गद्यातील अन्वयाचा प्रश्न

१

मराठी समीक्षेत 'अनेकार्थता' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कवितेतील एखादी ओळ दोन-तीन प्रकारे लागत असेल तर ते तिचे वैभव मानावे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. कवितेविषयी लिहिणाऱ्याचे स्वतःचे वाक्यही दोन प्रकारे लागू लागते, त्यातला कोणता प्रकार त्याला अभिप्रेत आहे हे परिच्छेदावरून, लेखावरून, किंबहुना त्याच्या समग्र लेखनावरूनही ठरत नाही, आणि तेथेही हाच शब्द पुढे केला जातो. भाषा मुळातच निसरडी आहे, अर्थ सतत पुढे ढकलला जात असतो, निश्चित अर्थाचा आग्रह हा सत्तेचा आग्रह असतो, अशी विधाने मग साक्षीला येतात. कवितेला मिळालेला परवाना दाखवून समीक्षेची गाडी हाकण्याचा हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. वाक्यातील एखादा पदबंध नामाला जोडायचा की क्रियापदाला, हे इंग्रजी वाक्य पुष्कळदा उघडे ठेवते. मराठीचे व्याकरण बहुतेक ठिकाणी ते लिहिणाऱ्याकडून वदवून घेते. इंग्रजी गद्याच्या वळणावर गेलेल्या आपल्या समीक्षेने ही सक्ती हळूहळू झुगारून दिली, आणि त्यातून जो धूसरपणा आला त्याला तिने सिद्धान्ताचे नाव दिले. प्रश्न शैलीच्या नीटनेटकेपणाचा असता तर त्यावर लेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. ज्या विधानाचा अन्वय लागत नाही त्याचे खंडन करता येत नाही. आणि ज्याचे खंडन करता येत नाही अशा विधानांवर कोणतेही शास्त्र उभे राहत नाही, समीक्षा तर नाहीच नाही.

२

एक साधे इंग्रजी वाक्य घेऊ : 'द टीचर स्पोक टु द स्टुडंट्स फ्रॉम वाशीम.' शिक्षक वाशीमला बसून कोठल्या तरी दूरच्या विद्यार्थ्यांशी बोलले, की कोठेही असलेले शिक्षक वाशीमच्या विद्यार्थ्यांशी बोलले? वाक्य काहीच सांगत नाही. 'फ्रॉम वाशीम' हा पदबंध क्रियापदाकडे गेला तर एक अर्थ, 'स्टुडंट्स' या नामाकडे गेला तर दुसरा. दोन्ही अर्थांत त्याचे रूप तेच आणि जागाही तीच. नामाची विभक्तिरूपे इंग्रजीने फार पूर्वीच टाकून दिली; नामाचे विस्तारक आणि क्रियेचे विस्तारक अशा दोन्ही भूमिकांत प्रीपोझिशनने सुरू होणारा पदबंध वाक्याच्या शेवटी येऊन बसतो, आणि तो कोणाच्या घरचा पाहुणा आहे हे वाचकाने ओळखायचे असते.

असे पदबंध एकापुढे एक आले म्हणजे अडचण बेरजेने वाढत नाही. केनेथ चर्च आणि रमेश पाटील या संशोधकांनी १९८२ साली दाखवून दिले की, क्रियापद आणि कर्म यांच्यापुढे असे पदबंध रचत गेले तर वाक्याच्या संभाव्य रचनांची संख्या गणितात कॅटलन संख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रमाने वाढते : एका पदबंधाला दोन रचना, दोहोंना पाच, तिहींना चौदा, चौघांना बेचाळीस. यातल्या बहुतेक रचना अर्थदृष्ट्या हास्यास्पद असतात आणि माणूस त्या नकळत गाळून टाकतो; यंत्राला त्या आपोआप गाळता येत नाहीत, म्हणून संगणकीय भाषाविज्ञानात हा प्रश्न इतका गाजला. पण माणूस तरी त्या कशाच्या जोरावर गाळतो? जगाविषयीच्या आपल्या माहितीच्या जोरावर. ही माहिती जेथे अपुरी पडते, विषय नवा, अमूर्त किंवा वादग्रस्त असतो, तेथे माणूसही यंत्राइतकाच गोंधळतो. वाक्याच्या शेवटी आलेला एक पदबंध फक्त शेवटच्या नामाला लावायचा की त्याआधीच्या तिन्ही नामांना, या मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लॉकहार्ट खटल्यात (२०१६) सहा विरुद्ध दोन असा मतभेद झाला; दहा वर्षांची किमान सक्तीची शिक्षा त्या अन्वयावर अवलंबून होती. इंग्रजी ही त्या न्यायाधीशांची रोजच्या व्यवहाराची भाषा होती, हे येथे लक्षात ठेवावे.

३

आता तेच वाक्य मराठीत करू पाहा. 'शिक्षक वाशीमहून विद्यार्थ्यांशी बोलले' किंवा 'शिक्षक वाशीमच्या विद्यार्थ्यांशी बोलले' यांपैकी एक लिहावेच लागते. तिसरे, दोन्ही अर्थ पोटात ठेवणारे वाक्य सहजी हाताला लागत नाही. इतकेच नव्हे, तर 'विद्यार्थ्यांशी वाशीमहून शिक्षक बोलले' अशी शब्दांची उलटापालट केली तरी अर्थ हलत नाही, कारण जोडणी शब्दाच्या जागेत नसून त्याच्या प्रत्ययात आहे.

हा एका उदाहरणाचा योगायोग नाही. मराठीत याची सबंध व्यवस्था आहे. 'गावात' क्रियेकडे जाते, 'गावातील' आणि 'गावातला' नामाकडे. 'टेबलावर' आणि 'टेबलावरील', 'मुलांसाठी' आणि 'मुलांसाठीचा', 'कवितेविषयी' आणि 'कवितेविषयीचे', 'आमच्याकडे' आणि 'आमच्याकडचा' अशा जोड्या प्रत्येक मराठी भाषिक लहानपणापासून न चुकता वापरतो. जेथे असा जोडीदार नसतो तेथे धातुसाधित मदतीला येते : 'वाशीमहून आलेले विद्यार्थी'. मराठी बोलणाऱ्याला 'कोठे' आणि 'कोठला' हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. इंग्रजी पदबंध दोहोंना एकच उत्तर देतो.

आपल्या शालेय व्याकरणात हाच भेद कारकार्थ आणि उपपदार्थ या नावांनी शिकवला जातो. नामाचा क्रियापदाशी असलेला संबंध तो कारकार्थ, इतर शब्दाशी असलेला तो उपपदार्थ. दहावीचा विद्यार्थी हे दोन गुणांसाठी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पुढे तोच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात वाक्यरचनेचा सिद्धान्त इंग्रजी पुस्तकातून नव्याने शिकतो, आणि त्याला वाटते की हा विचार मराठीत कधी झालाच नव्हता. वस्तुतः पाणिनीच्या व्यवस्थेत षष्ठीला कारकांत जागा नाही ती याचमुळे. कारक म्हणजे क्रियेशी असलेले नाते; नामाचे नामाशी जे नाते उरते ते षष्ठीच्या वाट्याला येते. 'नामाला की क्रियेला?' हा प्रश्न तेथे व्याकरणाच्या पायातच घातलेला आहे.

मीमांसकांनी तर जोडणीच्या प्रमाणांची उतरंडच लावून दिली. यज्ञातील कोणते अंग कोणत्या कर्माला लावायचे, हा विनियोगाचा प्रश्न सोडवताना जैमिनीने श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे सांगितली आणि यातले प्रत्येक पुढचे आधीच्याहून दुर्बळ ठरवले. याचे शास्त्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण प्रसिद्ध आहे. एक मंत्र इंद्राची स्तुती करणारा आहे. पण विधिवाक्यात गार्हपत्य अग्नीचे नाव द्वितीयेत आले आहे. मंत्राचा अर्थ इंद्राकडे ओढतो, विभक्तीचा प्रत्यय अग्नीकडे. निर्णय प्रत्ययाच्या बाजूने लागतो, कारण प्रत्यय ही श्रुती आणि अर्थाचे सामर्थ्य हे केवळ लिंग. शब्दांची नुसती जागा, म्हणजे स्थान, या क्रमात पाचवी येते. ही परिभाषा वापरून असे म्हणता येईल की, मराठी वाक्य जेथे श्रुतीने जोडते तेथे इंग्रजी वाक्याला स्थान आणि लिंग यांवर भागवावे लागते. यज्ञाच्या विधीसाठी घडलेली ही हत्यारे आजच्या वाक्यविश्लेषणाला जशीच्या तशी पुरतील असे नव्हे. परंतु प्रश्न नेमका हाच होता, आणि तो चुकीच्या जोडणीने काय बिघडते याची पुरती जाणीव ठेवून विचारला गेला होता.

४

ही सक्ती आपण कशी मोडली? दोन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे पाच खुंट्या : 'च्या संदर्भात', 'च्या पातळीवर', 'च्या माध्यमातून', 'च्या दृष्टीने' आणि 'च्या अनुषंगाने'. यांतली जवळजवळ प्रत्येक खुंटी इंग्रजीतील एखाद्या प्रीपोझिशनल पदबंधाची प्रतिकृती म्हणून वापरली जाते. एकेकटी घेतली तर त्यांत वावगे काही नाही. पण इंग्रजीत जो पदबंध नामालाही लागतो आणि क्रियेलाही, त्याच्या जागी हे क्रियेकडे जाणारे रूप सरसकट ठोकून दिले की गडबड होते. 'समीक्षकाने देशीवादाच्या संदर्भात कादंबरीच्या आकलनाची चर्चा केली' हे वाक्य पाहा. व्याकरण म्हणते, 'संदर्भात' हे 'चर्चा केली' याकडे गेले पाहिजे. लेखकाच्या मनात मात्र 'देशीवादाच्या संदर्भातील आकलन' असू शकते, आणि आजच्या वाचकाला दुसऱ्या अर्थाचीही इतकी सवय झाली आहे की तो व्याकरणावर विश्वास टाकू शकत नाही. एका 'ईल' प्रत्ययाने जो प्रश्न मिटला असता तो आता वाचकाच्या पदरी पडतो. हानी एवढ्याच वाक्याची होत नाही. 'संदर्भात' आणि 'संदर्भातील' यांत फरक न करणारे शंभर लेख छापले गेले म्हणजे तो फरक काळजीपूर्वक पाळणाऱ्या एकशे एकाव्या लेखकाचे वाक्यही संशयित होते.

या खुंट्या एकत्र आल्या म्हणजे काय होते ते एका नमुन्यावरून पाहू. वाक्य कोणा एकाचे नाही. पण कोणाचेही असू शकेल : 'दलित आत्मकथनाच्या संदर्भात भाषेच्या पातळीवर अनुभवाच्या प्रामाणिकपणाच्या निकषाचा पुनर्विचार समीक्षेच्या माध्यमातून झाला पाहिजे.' भाषेच्या पातळीवर काय आहे? पुनर्विचार, की प्रामाणिकपणा? समीक्षा पुनर्विचार करणारी आहे, की ज्या वाटेने दुसरे कोणी पुनर्विचार करील ती वाट? या वाक्यातून निदान दोन परस्परविरुद्ध भूमिका निघतात. एक : आत्मकथने वाचताना समीक्षेने प्रामाणिकपणाचा निकष पुन्हा पारखावा, आणि तो पारखताना भाषेचा पुरावा घ्यावा. दुसरी : आत्मकथनांच्या भाषेत दिसणारा प्रामाणिकपणा हा निकष म्हणून धरावा की नाही, हेच समीक्षेने ठरवावे. पहिलीशी सहमत असलेला माणूस दुसरीला कडाडून विरोध करील. मूळ वाक्याशी मात्र दोघेही मान डोलावून सहमत होतील. परिसंवादांत जी विलक्षण एकवाक्यता आढळते तिचे रहस्य पुष्कळदा येथे सापडते.

दुसरी वाट तत्सम विशेषणांची आणि समासांची. 'जुन्या कादंबरीची समीक्षा' आणि 'जुनी कादंबरीची समीक्षा' यांत 'जुन्या' आणि 'जुनी' ही रूपेच सांगतात की जुने काय आहे. 'जुना', 'नवा', 'मोठा', 'खरा' अशी आकारान्त विशेषणे नामाच्या सामान्यरूपाबरोबर बदलतात. आपला धनी कोण, याची ती साक्ष देतात. 'ऐतिहासिक', 'सामाजिक', 'आधुनिक', 'वैचारिक' ही विशेषणे मात्र कधीच बदलत नाहीत. इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द म्हणून आपण नेमकी हीच विशेषणे घडवली. 'ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा' यात जवळिकीमुळे निदान कौल तरी मिळतो. पण पुढे 'ची' हा प्रत्ययही जड वाटू लागतो आणि ग्रंथाच्या मुखपृष्ठावर 'ऐतिहासिक कादंबरीसमीक्षा' अवतरते. आता ऐतिहासिक काय आहे, कादंबरी की समीक्षा, याचे उत्तर ग्रंथ विकत घेतल्याखेरीज मिळायचे नाही, आणि घेतल्यावरही मिळेल याची हमी नाही.

समासात विभक्तीचा लोप होतो. म्हणजे जोडणीची खूण पुसली जाते. याचा धोका प्राचीनांना किती तीव्रतेने जाणवला होता, हे पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी आठवण करून दिलेल्या इंद्रशत्रूच्या कथेत दिसते. इंद्राला मारणारा पुत्र हवा होता; स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्र ज्याचा मारक आहे असा पुत्र मिळाला. शब्द तेच राहिले, केवळ जोडणी बदलली, आणि यज्ञ उलटला.

या ठिकाणी वाशीमचे नाव घेणे अपरिहार्य होते. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेच्या मूळपुरुषाच्या, सर्वसेनाच्या, नावावर 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आहे. ते आज लुप्त असले तरी आनंदवर्धनाने त्याचा उल्लेख केलेला आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरीत, आणि 'कर्पूरमंजरी'च्या नांदीत वैदर्भी रीतीला तिने 'वच्छोमी' हे नाव दिले. या कथेचे जिल्ह्यातील समारंभांत कौतुक होते, होऊ द्यावे. पण तीत एक शास्त्रीय आशय आहे, तिकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. काव्यपुरुष पूर्वेकडे असतो तेव्हा त्याची वाणी समासांनी आणि अनुप्रासांनी लगडलेली असते, ती गौडी. पांचालीत समास विरळ होतात. दक्षिणेत येईपर्यंत ते सुटतात, आणि तेव्हाच तो साहित्यविद्येला पूर्णपणे वश होतो. राजशेखराच्या लेखी वैदर्भीचे एक ठळक लक्षण म्हणजे असमासत्व. त्याच्या आधी दंडीने वैदर्भ मार्गाच्या दहा गुणांत अर्थव्यक्तीची गणना केली होती. वाक्याचा अर्थ लावण्यासाठी बाहेरून काही आणावे लागू नये, असा त्या गुणाचा आशय. म्हणजे वैदर्भी ही केवळ कानाला गोड लागणारी रीत नव्हती. पदांमधली नाती उघडी ठेवणे हा तिच्या रचनेचाच भाग होता. या अर्थाने पाहिले तर आजचे आपले समीक्षागद्य मराठीत लिहिलेली गौडी आहे. फरक इतकाच की गौडीच्या समासांना निदान नाद होता.

५

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप एम्पसनचे नाव घेऊन येईल. 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी' (१९३०) या ग्रंथात विल्यम एम्पसनने शेक्सपिअरच्या सुनीतांतील दुहेरी वाक्यरचनेचे विश्लेषण केले, आणि एकच पदबंध मागच्या व पुढच्या अशा दोन्ही घटकांना लागतो तेव्हा कविता कशी दाट होते हे दाखवले. मग संरचनेतील संदिग्धता हा दोष कसा? उत्तर असे की, एम्पसनने संदिग्धता नुसती नोंदवली नाही, तिची फोड केली. प्रत्येक पर्यायी अन्वय त्याने पुरा लावून दाखवला, आणि ते अन्वय एकमेकांशी काय करतात हे सांगितले. त्याचे स्वतःचे वाक्य त्या वेळी डगमगले असते तर आपल्याला सुनीताचे दोन अर्थ कळलेच नसते. आपल्याकडेही काकाक्षिगोलकन्याय आहेच. कावळ्याचे एकच बुबुळ दोन्ही डोळ्यांत फिरते या समजुतीवर आधारलेला हा न्याय एका पदाचा दोन्हीकडे अन्वय मान्य करतो. पण तो 'दोन्हीकडे' असे म्हणतो, 'कोठेही' असे म्हणत नाही. श्लेषातही दोन अर्थ असतात. मात्र दोन्ही अन्वय पूर्ण लागतात आणि कवीला दोन्ही हवे असतात. ज्यात एकही अन्वय कवीने निश्चित केलेला नाही, त्याला काव्यशास्त्राने संदिग्ध म्हटले आणि दोषांत घातले. मम्मटाने त्यालाही अपवाद ठेवला : व्याजस्तुतीसारख्या ठिकाणी संदिग्धता गुण ठरू शकते, कारण तेथे संदर्भ अखेरीस नियत अर्थाकडेच नेतो. इतकी बारीक तराजू हाताशी असताना सगळे एकाच 'अनेकार्थते'च्या पोत्यात भरणे ही सिद्धान्ताची प्रगती नव्हे.

ध्वनीचा आधार घेणाऱ्यांनीही जपून बोलावे. प्रकाश हवा असलेला माणूस दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तशी व्यंग्यार्थ इच्छिणाऱ्याने वाच्यार्थाची घ्यावी, या आशयाचा दृष्टान्त आनंदवर्धनानेच दिला आहे. वाच्यार्थ विझवून व्यंग्यार्थ उजळत नाही. अर्थाच्या अनिश्चिततेचा आधुनिक सिद्धान्तही, त्याच्या गंभीर रूपात, अत्यंत काटेकोर वाचनाच्या शेवटी उरणाऱ्या अनिर्णयाविषयी बोलतो. सगळे व्याकरण पणाला लावल्यानंतर जे ठरत नाही ते एक, आणि लेखकाने 'संदर्भात'ला 'ईल' लावण्याचा आळस केल्यामुळे जे ठरत नाही ते दुसरे. या दोहोंना एकच नाव देणे हा सिद्धान्ताचाही अपमान आहे.

दुसरा आक्षेप समर्थनाच्या रूपाने येईल, म्हणून तो अधिक घातक. कोणी म्हणेल, ठरले तर मग : मराठी निःसंदिग्ध, इंग्रजी भोंगळ, वत्सगुल्माचा वारसा थोर, परकीयांचे अनुकरण त्याज्य. हा निष्कर्ष या लेखाचा नव्हे. मराठीची आपली संदिग्धस्थळे आहेत आणि ती इंग्रजीतून आलेली नाहीत. 'मी त्याला कारंज्याला जाताना पाहिले' यात कारंज्याला कोण जात होते, मी की तो? 'ताना'चा कर्ता वाक्य सांगत नाही. 'जुन्या कवींच्या कवितांची समीक्षा' यात 'जुन्या' हे रूप कवींनाही शोभते आणि कवितांनाही, कारण दोन्ही नामे सामान्यरूपात आहेत; प्रत्ययाची साक्ष साखळी लांबली की निकामी होते. उलट 'रनिंग' कोण, हे स्थान बदलून इंग्रजी पुष्कळदा चोखपणे सांगू शकते. प्रत्येक भाषा काही जोडण्या सक्तीने उघड करते आणि काही झाकून ठेवते. म्हणून कोणती भाषा श्रेष्ठ, हा प्रश्न बाजूला ठेवला पाहिजे. ज्या भाषेत आपण लिहितो तिने जे उघड करण्याची सोय दिली आहे ते आपण झाकतो का, आणि ती जे झाकते ते वाक्य मोडून, पुन्हा बांधून आपण उघड करतो का, एवढेच पाहायचे आहे. देशीपणाच्या नावाने लिहिलेल्या कित्येक लेखांत या पाचही खुंट्या इंग्रजी लेखांइतक्याच दाटीवाटीने ठोकलेल्या आढळतात, हे जाता जाता नमूद करावे.

६

हा प्रश्न समीक्षेच्या वर्तुळात राहिला असता तर त्याची झळ फक्त आपल्यालाच लागली असती. पण विद्यापीठात घडलेले गद्य विद्यापीठात राहत नाही. मराठीचा पदवीधर शिक्षक होतो, बातमीदार होतो, कार्यालयात मसुदे लिहितो, आणि जाताना खुंट्या बरोबर नेतो. अशी एक सूचना कल्पून पाहू : 'वाशीम जिल्ह्यात पीक विम्यासाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांना भरपाई देण्यात येईल.' 'वाशीम जिल्ह्यात' हे 'नोंदणी केलेल्या'कडे जाते, की 'देण्यात येईल'कडे? रिसोड तालुक्यात राहणाऱ्या, पण शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील शेताची नोंदणी तिकडेच केलेल्या सोयाबीन उत्पादकाने या वाक्याचे काय करावे? एका अन्वयाने तो वगळला जातो, दुसऱ्याने तो सामील होतो. संदिग्ध वाक्याचा अर्थ अखेर कोणी तरी ठरवतोच. आणि तो ठरवणारा नेहमी टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. निश्चित अर्थाचा आग्रह हा सत्तेचा आग्रह, असे ज्यांना वाटते त्यांनी या शेतकऱ्याच्या बाजूने विचार करावा. अर्थ मोकळा सोडला म्हणजे सत्ता नाहीशी होत नाही. ती निर्णय देणाऱ्याच्या हाती एकवटते. वाचकाला विरोध करता यावा यासाठी आधी वाक्याने स्वतःला बांधून घ्यावे लागते.

१९३९ साली वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. त्यातील राजवंशाची परंपरा संस्कृतात आहे. दानाचा व्यवहारी तपशील प्राकृतात. त्यामागचे कारण काय असेल ते असो. कोणाला काय मिळाले आणि कशातून सूट मिळाली, हा भाग त्या भाषेत कोरला गेला जिचे नाते पुढे आपल्या मराठीशी जुळले, एवढे मात्र खरे. हक्काचा प्रश्न जेथे येतो तेथे वाक्य कोणाला लागते, हा प्रश्नही येतोच.

वाशीमसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पदव्युत्तर शिक्षणाला येणाऱ्या विद्यार्थ्यापाशी हा विवेक उपजत असतो. 'गावात' आणि 'गावातला' यांत तो बोलताना चुकत नाही. तो चुकू लागतो तो आपले लेख वाचल्यानंतर. आणि जितका अधिक चुकतो तितके त्याचे लेखन आपण अधिक प्रगल्भ मानतो. त्याला या भाषेत गुण देणे आपण थांबवले पाहिजे. प्रबंधाच्या परीक्षकाने प्रत्येक 'त', प्रत्येक 'वर', प्रत्येक 'साठी' आणि प्रत्येक 'संदर्भात' यांपुढे एकच प्रश्न समासात लिहावा : नामाला की क्रियेला? ज्या वाक्यापाशी उत्तर मिळेल त्याच्याशी वाद घालावा. ज्याच्यापाशी मिळणार नाही ते वाक्य, त्यात कितीही थोर नावे असली तरी, अद्याप लिहून झालेले नाही असे समजून परत करावे.